स्नायू साखर परत देत नाही

चहा समोर आला की बाई आधी स्वतःच्या दंडाला चिमटा काढत आणि म्हणत, "हा चिकट. घेतलेली साखर परत देणार नाही." मग कपाळावर टिचकी. "आणि हा खादाड. साठवत काहीच नाही, नुसता मागतो." तुम्ही शेजारी बसला असतात, तर तुमचाही चहा असाच गार झाला असता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी चिंचवडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर चालवत होतो. चालवत होतो म्हणजे कामगारांच्या पगाराची भोकं पाडलेली कार्डं त्याला भरवत होतो. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, मशिन मोकळं. ते भोसरीतली एक औषधकंपनी भाड्याने घेई आणि तिथल्या संशोधक म्हणून या बाई येत. शरीरातला कुठला भाग साखरेचं काय करतो, याची गणितं त्यांनी मांडली होती. यकृताच्या कार्डांचा गठ्ठा वेगळा, स्नायूचा वेगळा, मेंदूचा वेगळा.

एवढे गठ्ठे कशाला, असं मी विचारलं. बाईंचे वडील चाकणला कांद्याचे आडते. त्या म्हणाल्या, "भाऊ, यकृत म्हणजे आमचे अब्बा. आलेला माल ठेवतात, मागणी आली की बाजारात सोडतात. स्नायू म्हणजे घरचा माळा. तिथला कांदा घरातच संपतो."

मला हे इतकं पटलं, की पुढच्याच गुरुवारी यकृत आणि स्नायू हे दोन्ही गठ्ठे माझ्या हातून सांडले. पगाराच्या सवयीने मी सगळी कार्डं क्रमांकावर लावून टाकली. दोन्ही गठ्ठ्यांचे क्रमांक एकपासूनच सुरू होतात, हे कळायला डोकं लागतं. माझी साखर त्या दिवशी तिथवर पोचली नसावी. अर्धं यकृत स्नायूत गेलं.

नेमके तेव्हाच बाईंचे साहेब आले. सगळ्या शरीराला एकच सूत्र लावा, मशिनचं भाडं वाचेल, हा त्यांचा जुना हट्ट. छापून आलेल्या कागदावर स्नायूही रक्तात साखर सोडत होता. साहेब खूश. "पाहा, दोघं सारखेच वागतात. या कागदावर सही करा, पुढचे गुरुवार तुमचे."

मी पुढे होऊन सांगितलं, साहेब, कार्डं मी सांडली होती. साहेब म्हणाले, बरंच झालं.

बाईंनी दंडाला चिमटा काढला. "हा परत देत नाही. मी सही करणार नाही."

"मग गुरुवार बंद."

"करा."

पुढच्या गुरुवारी वॉचमनने त्यांना फाटकावर अडवलं. "आतलं मशिन बंद," बाई म्हणाल्या, "बाहेरचं बाकडं तर बंद नाही ना?" आणि समोरच्या चहाच्या टपरीवर आलेखाचा कागद पसरून बसल्या. मशिनची गणितं त्या स्लाइडरूलची सरकती पट्टी आणि पेन्सिल घेऊन हाताने करू लागल्या, गुरुवारमागून गुरुवार. मी मदतीला बसलो आणि पहिल्याच दिवशी यकृतावर चहा सांडला. त्यानंतर माझ्याकडे फक्त पेन्सिलींना टोक काढायचं काम. साहेबांची गाडी समोरून जाई तेव्हा बाई मान वर करत नसत. नुसता दंडाला चिमटा.

मग एका गुरुवारी बाकडं रिकामं. नोकरी सोडून बाई हैदराबादला गेल्या, असं टपरीवाल्याने सांगितलं. त्याच्या साखरेच्या डब्याखाली आलेख ठेवला होता, मी साहेबांना नेऊन द्यावा म्हणून. यकृताची रेघ चढत-उतरत होती. स्नायूची रेघ साखर आत घेत होती, बाहेर कणही सोडत नव्हती.

मी तो दोन्ही हातांनी धरून भोसरीला नेला. खाली कोपऱ्यात, चहाच्या डागाशेजारी, बाईंची ठसठशीत सही होती.