ठेकेदाराची सही

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन आलं ते ब्लाऊजची मापं टिपण्यापुरतंच.

मी कोल्हारला घरी बसून ब्लाऊज शिवते. मध्यंतरी गावात बांधकाम कामगारांच्या कार्डाची हवा झाली. कार्ड निघालं की भांड्यांचा संच मिळतो आणि मुलांना शिष्यवृत्ती. माझी लेक अकरावीला होती. चौकशी केली तर कळलं, एकटीनं शिवणाऱ्या बाईला त्यात जागा नाही. बाई आपल्याकडं बांधकामावर कामाला होती, असा ठेकेदाराच्या सहीचा दाखला लागतो. एक ठेकेदार तो दोन हजारांत देत होता.

शेजारच्या ताई त्याच ठेकेदाराकडं घमेली वाहतात. त्यांना म्हटलं, मशीन बिघडलंय. त्यांनी लगेच दोन हजार काढून दिले. त्यातून मी दाखला घेतला.

कागद तपासायच्या दिवशी कचेरीत माझा कागद पास झाला. बाहेर आले तर ताई उभ्या. दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवलेलं. समोर ठेकेदार होता.

"दादा, इतकी वर्षं राबते तुमच्याकडं, मला सही का न्हाई?"

तो हसला. "तुला सही दिली म्हंजे तू माझी कामगार झालीस. उद्या पडलीस तर भरपाई मागशील. हिनं दोन हजार मोजले, अन् ही शिवणवाली कधी परांचीवर चढणार हाय?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं.

"व्हय का वैनी? मग मशीन झालं का नीट?"

मी पास झालेला कागद पिशवीत सारला.

शिष्यवृत्ती आली. लेकीची फी त्यातूनच भरली, खोटं कशाला लिहू? परदेशातली भाची फोनवर सांगत होती, तिकडं एकटीनं धंदा करणाऱ्या बाईचीही सरकारात नोंद होते आणि मदत मिळते. क्षणभर वाटलं, इथंही तसं असतं तर मी खोटं बोलले नसते. मग माझीच मला लाज वाटली. इथला कायदा ताईंसाठी होता, आणि आत गेले मी.

ताईंना म्हटलं, तुमचे ब्लाऊज फुकट शिवते.

"शिलाई नको. माझे पैसे तेवढे द्या."

जमतील तसे देत गेले. त्या उंबऱ्याबाहेरूनच घ्यायच्या. काल शेवटचे दोनशे दिले.

"फिटले, वैनी," म्हणाल्या आणि वळल्या.