पोटाला विचारून

"थांबा, पोटाला इचारते," असं म्हणून मावशी आधी मशीन बंद करायच्या. मग तिखटाचा हात पदराला पुसून पोटावर ठेवायच्या आणि समोर बघत राहायच्या. डोळे मात्र उघडे. डोळे मिटून बसणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

परभणीत आमच्या घरासमोर त्यांची मिरची कांडपाची गिरणी होती. पत्र्याच्या खोलीत लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड आपटायची. आमच्या गल्लीत साखरपुडा असो की दहावा, सगळं शिंकत शिंकत पार पडायचं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आतला आवाज कसा ऐकावा, यावर माझ्याकडे कपाटभर पुस्तकं होती. त्यासाठी आधी मशीन बंद करावं लागतं, हे त्यातल्या एकाही लेखकाला सुचलं नव्हतं.

"मावशी, लोक काळजाला विचारतात, तुम्ही पोटाला का?"

"काळीज लगेच पाघळतंय, सर. डोस्कं वकिलावानी, दोन्हीकडून बोलतंय. पोटाला खोटं बोलायला येत न्हाई."

अडचण एवढीच होती की तुमच्या-माझ्या आतल्या आवाजाला शांती, क्षमा वगैरे आवडतात. निदान आपण चारचौघांत तसं सांगतो. मावशींचं पोट बहुतेक वेळा "हाण" म्हणायचं.

नवरा पिऊन यायचा आणि मारायचा. गल्लीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. एका दुपारी त्यानं गिऱ्हाइकांदेखत केस धरून त्यांचं डोकं पत्र्यावर आपटलं. मशीन थांबलं. आम्हाला वाटलं, लाइट गेली. बघतो तर मावशी पोटावर हात ठेवून उभ्या, कपाळावरचं रक्त भुवईतून खाली उतरतंय. मग कोपऱ्यातलं जुनं मुसळ त्यांनी उचललं आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी माझ्या ओट्यावर बसून ऐकला.

त्याला रिक्षात घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं. प्लास्टर निघेपर्यंत घास भरवले.

"भरवायलाही पोटानंच सांगितलं का?"

"न्हाई. ते म्या आपलं केलं."

त्यानंतर तो हात मरेपर्यंत ग्लास उचलत राहिला, पण बायकोवर पुन्हा उठला नाही.

तेव्हापासून भर दिवसा मशीन थांबलं की गल्ली कान टवकारायची. कॉलेजच्या पोरींना अडवणाऱ्या एका टग्याचे दात त्याच शांततेत पडले. तो तोंडावर रुमाल दाबून पळाला आणि मावशींनी पुन्हा बटण दाबलं.

मी निवृत्त झालो तेव्हा मुलगा पुण्याला बोलवत होता. जावं की इथंच राहावं, ठरेना. म्हटलं, मावशींनाच विचारावं.

"तुमच्या पोटातलं मला काय कळतंय? माझं पोट माझ्यापुरतं. मशीन बंद करते, ऐका तुमी."

त्यांनी खरोखर बंद केलं. मी पोटावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. सकाळच्या भज्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. राहिलो इथंच.

त्यांची एकुलती मुलगी पालमला दिली होती. एका सकाळी ती एसटीतून उतरून आली. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. जावयानं नळाच्या पाइपानं मारलं होतं. मावशींनी तिला दवाखान्यात नेलं, जवळ निजवलं, आणि मशीन एकदाही थांबवलं नाही. मला ते काही बरं लक्षण वाटेना.

आठवडाभरात जावई तिला न्यायला आला, सोबत एक महाराज घेऊन. रेशमी उपरणं, मागे माइक धरलेला शिष्य. खोली केवढी, तर महाराज शिंकले असते तरी पलीकडच्या भिंतीला ऐकू गेलं असतं. पण माइक हवा होता. गिरणीतच सतरंजी अंथरली, गल्लीतले आम्हीही बसलो. मुसळांच्या आवाजात प्रवचन ऐकू जाईना.

"माउली, ते यंत्र बंद करा," महाराज म्हणाले.

"बंद करू म्हणता? बघा हं," मावशी म्हणाल्या.

मशीन थांबलं.

"डोळे मिटा. अंतर्यामीचा आवाज ऐका. तो नेहमी जोडायलाच सांगतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, अशा वेळी उघडे ठेवणं असभ्य दिसतं. तेवढ्यात मुलगी कण्हली. बघितलं तर शेजारी बसलेला जावई तिची तीच मोडकी बोटं पिरगाळत पुटपुटत होता, "हो म्हण. हो म्हण लौकर."

मावशींचे डोळे उघडेच होते. मुसळाचा पहिला घाव जावयाच्या खांद्यावर बसला आणि तो एका कुशीवर कोसळला. दुसऱ्यानं तोंड फुटलं; सतरंजीवर रक्त आणि त्यात एक दात. माइकमधून "शांती, शांती" ऐकू आलं, मग नुसतीच घरघर. महाराज एक चप्पल टाकून गाडीत पोचले होते. तिसऱ्यांदा मुसळ डोक्यावर उगारलं होतं. मुलीनं धावून हात धरला.

"आई, बस्स."

आता गल्ली शहाणी झाली. पोरीला पाठवू नका, असं जो तो सांगू लागला.

"कुनी बोलू नका," मावशी म्हणाल्या. मुलीचा धड हात त्यांनी तिच्याच पोटावर ठेवला. "तू इचार."

जमिनीवर पडलेल्या नवऱ्याकडे मुलीनं एकदा पाहिलं.

"जाते," ती म्हणाली. "त्या घराच्या विटा म्या वाहिल्यात. शेळ्या माझ्या हायत. मी कामून सोडू? निघायचं तर त्यानं निघावं."

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचं स्वतःचं पोट काय ओरडत असेल, ते मलाही ऐकू येत होतं.

"मावशी, अडवा तिला!"

"तिच्या पोटात मी हात घालू का, सर?"

मुलगी गेली. जावयानं तक्रार केली नाही. सासूनं मारलं, असं लिहून द्यावं लागलं असतं. पुढच्या सोमवारी दारात टेम्पो उभा राहिला आणि माणसं मशीन चढवू लागली.

"तिच्या पोटानं जा म्हणलं," मावशी मुसळं मोजून टेम्पोत ठेवत म्हणाल्या. "माझं म्हणतंय, मागनं जा."

त्यांच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. गल्लीत कुणी शिंकत नाही. मला मात्र अजून शांतता झाली की दचकायला होतं.

गेल्या हिवाळ्यात पालमला गेलो होतो. पत्ता विचारावा लागला नाही, शिंका पुरल्या. जावयाच्या दारासमोर पत्र्याची खोली, आत तीच धाडधाड. मावशींनी चहा दिला. समोर मुलगी शेळ्यांना पाला टाकत होती. बोटं वाकडीच राहिली होती, पण पाला टाकताना ती गुणगुणत होती.

"सुधारला का तो?" मी ओरडून विचारलं.

"म्हाईत न्हाई. मशीन ऐकतोय रोज."

मुलगी घरात गेली. थोड्या वेळानं आत भांडं आदळलं आणि जावयाचा आवाज चढला. मावशींनी बटण दाबलं. अख्खी गल्ली गप्प झाली. शेजारच्या शिंप्यानंही पायावरचं मशीन थांबवलं. मावशींनी पदराला हात पुसून पोटावर ठेवला आणि समोरच्या दाराकडे बघत राहिल्या.

"आई, पातेलं पडलं नुसतं," आतून मुलीचा आवाज आला. "चालू कर."

मावशींनी चालू केलं नाही.

मग जावई बाहेर आला. मावशींना दिसतील असे दोन्ही रिकामे हात पुढे धरून तो उंबऱ्यात उभा राहिला. एक हात खांद्याच्या वर जात नव्हता. मावशी अजून विचारतच होत्या.