आत्यांचं लुगडं

बालवाडीतली नोकरी संपली आणि घर मला खायला उठलं. सुदुंबऱ्यात माझ्याइतकी रिकामी बाई दुसरी नसेल असं वाटायचं. रोज सकाळी गावदेवीपुढे हात जोडून मी एकच मागायचे, आई, उरलेल्या आयुष्यात कुणाच्या तरी उपयोगी पडेन असं काम दे. हे मागताना घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई मला एकदाही आठवल्या नाहीत. लिहितानाही लाज वाटते.

यंदा नवरात्रात देवीला लुगडं नेसवायची सेवा माझ्याकडे आली आणि मला वाटलं, देवीने ऐकलं. नऊवारीच्या निऱ्या मी अशा बसवायचे की बाया दर्शन सोडून माझ्या हातांकडे बघायच्या. मला ते आवडायचं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. जन्मभर लुगड्याशिवाय न राहिलेली ही बाई, पण पाय मोडल्यापासून मी त्यांना गाउनमध्येच ठेवलं होतं, कारण पुसायला-बदलायला मला तेच सोपं. अष्टमीला सकाळी त्या हळूच म्हणाल्या, "आज सण हाय. मला बी लुगडं नेसव की."

मी देवीची साडी पिशवीत भरत होते. "तुमाला कुटं जायाचंय आता?" म्हणाले आणि दार ओढून घेऊन निघाले. नवरात्रभर अनवाणी चालण्याचा माझा नेम होता. तो मात्र मी कटाक्षाने पाळत होते.

आरती उरकून घरी आले तर आत्या उशीला टेकून बसलेल्या. अंगावर त्यांचं हिरवं लुगडं, केसांना तेल, वेणी घातलेली. नवरा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, घरात दुसरं कुणी नाही.

"कुणी नेसवलं?"

"एक बाई आलती पानी मागायला. माजं मन तिला कळलं जनू. तिनंच ट्रंक उघडली." आत्या पदरावरून हात फिरवत होत्या. "म्या म्हनलं, देवळात जा, आरती हाय आज. तर म्हनली, तितं लय मानसं हायेत, हितं कुनीच न्हाई."

मी खालीच बसले. माझा चेहरा बघून आत्या घाबरल्या. "तुजं काम वाढवलं का गं? वाटल्यास सोडून ठिव," म्हणाल्या. त्या शब्दांनी मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

आमच्या दारासमोर कंपनीच्या गाडीची वाट बघत बायका थांबतात. त्यांतलीच कुणी असेल म्हणून मी नंतर विचारत फिरले. कुणीच हो म्हणालं नाही. ती कोण होती याचा मी आता खल करत नाही. माझ्या घरी येऊन माझं काम करून गेली, एवढं मला पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी देवळातली सेवा शेजारणीच्या सुनेकडे दिली. आता रोज मी आत्यांना नेसवते. मूर्तीला दुखत नाही, आत्यांना दुखतं, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो आणि निऱ्या काही सरळ येत नाहीत. देवीकडे काम मागणं मी सोडलं आहे. समोर येईल ते तिनेच दिलं असं समजून करते, आणि मला हाकलून न देता परत घरी पाठवलं म्हणून तिचे आभार मानते. परवा निऱ्या खोचत असताना आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वर बघवलं नाही.