शेऱ्याचा रकाना

यंत्राच्या तेलाचा वास आला की चिकलठाण्याचा तो कारखाना आठवतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलेलं, एसटी बंद, तरी लेथवरचा एक कामगार करमाडहून पायी आला होता. मी नवा इंजिनिअर, स्टॉपवॉच घेऊन प्रत्येकाच्या कामाचा वेळ मोजत होतो. "सायेब, चालून पाय लई सुजलेत. उद्या मोजा की," तो म्हणाला. "अहवाल आजच द्यायचाय," मी म्हणालो. कागदावर असं कारण लिहायला शेऱ्याचा रकाना होता. माझ्या वरच्या साहेबांना सबब वाटेल म्हणून मी तो कोरा ठेवला. संथ ठरवून त्याला काढलं, मला बढती मिळाली. आज कार्यपद्धतींवर माझी पुस्तकं आहेत. शेरा कधीच कोरा ठेवू नका, असं मी वर्गात बजावतो. कुणी कारण विचारलं, की पाठ फिरवून फळा पुसू लागतो.