धुराच्या कपाटाचं दार

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाकलेली वस्तू झाकलेली राहू न देणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीला सासरा म्हणून मिळाला. झाकण दिसलं की आमच्या व्याह्यांचा हात शिवशिवतो. त्यांच्या घरी दही म्हणून लागत नाही, कारण विरजण लावल्यापासून हे येता-जाता बोट घालून बघतात. आंब्याची आढी घातली की रोज गवत उपसून एकेक आंबा हुंगणार. मग आंबे पिकायचं सोडून सुरकुतून जातात. लग्नात तर कहर केला. मंगलाष्टकं चालू असताना या गृहस्थानं अंतरपाटाचा कोपरा उचलून आत डोकावलं. भटजी थांबले, वाजंत्रीवाले थांबले. हे म्हणाले, "काही न्हाई, चालू द्या. पोरगं सरळ उभं हाय का तेवढं बघितलं."

आणि अशा माणसाला माझ्या जावयानं पुण्याहून विजेवर चालणारं धुराचं कपाट पाठवलं! आता पाठवलं काहून, तर विहीणबाईंसाठी. मोठ्या तापातून उठल्या त्या तोंडाची चव घालवूनच. माझ्या पुरणपोळीला माझ्या तोंडावर 'जाड झाली' म्हणणारी ही बाई, ती आता काहीही पुढं ठेवलं तरी दोन घास खाऊन "चांगलं झालंय" म्हणायची आणि ताट सरकवायची. त्या 'चांगलं झालंय'नं सगळं घर धास्तावलं. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. खोलीतून बाहेर येईनात. एक दिवस सहज बोलून गेल्या, की धरणाकाठच्या माहेरी आई चुलीवर टांगून मासा धुरवायची, तो मिळाला तर जाईल कदाचित. पण छाती नाजूक झालेली, घरात चुलीचा धूर डॉक्टरनं बंदच केलेला. म्हणून हे कपाट. दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं आणि धुराचा पाइप मागच्या बाजूनं पत्र्याच्या वर काढून दिला.

त्यात अवघड असं काहीच नाही. बुडाशी विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, वर जाळीवर मीठ चोळलेला मासा. बटण शंभरावर ठेवायचं, दार लावायचं आणि गप बसायचं. मुश्कील होती ती या शेवटल्या कामाची. त्यात यांचं घर वारंगा फाट्यावर, रस्त्याला लागून. ज्याची बस चुकली तो चहाला यांच्याकडं. आणि आलेल्या माणसाला काय शिजून राहिलंय ते उघडून दाखवल्याशिवाय व्याह्यांना पाहुणचार केल्यासारखं वाटतच नाही. "या या, हे बघा!" की दार उघडलं. दार उघडलं की ऊब पळाली, काटा साठावर. कॉइल लालबुंद. ज्या ढलप्यांनी नुसतं धुमसायचं, त्या वारा लागून भडकायच्या; काटा उड्या मारत दीडशेच्या घरात. मग हे घाबरून बटण उलटं फिरवणार, तोवर दुसरा पाहुणा दारात. पहिला मासा वरून कोळसा आणि आतून कच्चा निघाला. दुसरा मांजरापुढं टाकला, तर मांजरानं हुंगून यांच्याकडंच बघितलं.

थंडी होती म्हणून कपाटावर वाकळ पांघरली. लेकराचा ताप बघावा तसा तळहात लावून बघायचे. पुण्याहून जावई फोनवर ओरडायचे, "बाबा, दार उघडू नका!"

"उघडत न्हाई रे, नुसती फट करतो."

मला म्हणाले, "इहीणबाई, मशीनीतच काहीतरी फॉल्ट हाय. काटा एका जागी बसूनच न्हाई राहिला."

म्हटलं, "काटा बसंल हो, तुमी बसता का?"

तिसऱ्या खेपेला मी तिथंच होते. कपाट तापलं, पाइपातून निळसर धूर निघायला लागला, आणि नरसीला निघालेले चार पाहुणे हजर! व्याही उठले. हात कडीला लागणार, तेवढ्यात घरातून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. विहीणबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या, प्लास्टिकची खुर्ची कपाटाच्या दाराला टेकवली आणि तिच्यावर बसल्या.

"उघडा आता."

"अगं, पाहुणे आलेत, नुसतं दाखवतो..."

"मला दाखवा की. किती दिस झाले, कुणी बघितलं न्हाई मला."

पाहुणे खुर्चीभोवती बसले. गप्पा लागल्या. "पाठ चांगली शेकून राहिली," म्हणत विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत, आणि काटा शंभरावर असा बसला की जणू त्यालाही गप्पा ऐकायच्या होत्या. व्याही मात्र अंडं घालायला जागा न मिळालेल्या कोंबडीसारखे अंगणभर फिरत होते.

मासा निघाला तो तांब्याच्या भांड्यासारखा. विहीणबाईंनी तुकडा मोडून तोंडात टाकला. त्या चावत होत्या तसं व्याह्यांचंही रिकामं तोंड हलत होतं. विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ कमी पडलं."

मी मीठ आणायला उठले, तर व्याह्यांनी हातानंच मला थांबवलं. बायकोपुढं वाकून म्हणाले, "काय म्हणलीस? परत म्हण."

"मीठ कमी हाय म्हणलं. ऐकू येऊन न्हाई राहिलं का?"

"मीठ कमी हाय!" हे पाहुण्यांकडं वळून ओरडले. "ऐकलं का, मीठ कमी हाय!" पाहुण्यांना काही कळेना, पण बस गेलीच होती, म्हणून त्यांनीही एकेक तुकडा घेतला आणि बराबर, कमीच आहे म्हणून माना डोलावल्या. विहीणबाईंनी अख्खा तुकडा संपवला, आणखी मागितला, आणि आईच्या हातची सर याला नाही हेही सुनावलं. व्याही ओट्यावर बसून ते सगळं असं ऐकत होते, जसं कुणी त्यांचा सत्कारच करून राहिलंय.

संध्याकाळच्या बसनं मी हिंगोलीला परतले. कुलूप काढलं, वरणाला फोडणी दिली, एकटीपुरतं वाढून घेतलं. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. वरणात मीठ कमी होतं की जास्त, मलाच काही नीट सांगता येईना.