फडकं पिळायचा तास

एप्रिलचा तिसरा मंगळवार. सकाळी मी देव्हाऱ्यात अमिदा बुद्धापुढे भात ठेवला. आमच्या पंथात मागणं मागायचं नसतं, हे ठाऊक असूनही मागितलं: आज त्सुने आजींची फजिती होऊ देऊ नकोस.

त्सुने आजी ऐंशीच्या. बुद्धमंदिराची लाकडी ओसरी चाळीस वर्षं त्याच पुसत आल्या आहेत, आणि एकोणीस वर्षं दर एप्रिलला गावच्या शाळेत नव्याने आलेल्या पहिलीच्या मुलांना फडकं पिळायलाही त्याच शिकवतात. इथे शाळेत वर्ग मुलांनीच पुसायचा असतो, आणि हल्ली घरात कुणी काही पिळताना मुलांनी पाहिलेलं नसतं.

पण जानेवारीत आजी बर्फावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी मनगट वळेना. मंदिरात त्यांच्यासोबत ओसरी पुसताना त्यांचं फडकं मी पिळायला घेतलं की हिसकावून घेत.

"फुमिए, हात मोडलाय, मी नाही मोडले!"

मग त्या गळक्या फडक्याने पुढे पुसत जायच्या आणि मी मागून गुपचूप कोरडं करत जायची. काल मात्र बादलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "जिला पिळता येत नाही ती काय शिकवणार? उद्या जमलं नाही तर पहिलीच्या हामादे बाईंना सांगून टाकते, यापुढे दुसरं कुणी बघा."

सोबतीला म्हणून मीही शाळेत गेले. अकरा मुलं, अकरा बादल्या, आयांनी जुने टॉवेल दुमडून शिवलेली अकरा फडकी. हामादे बाई म्हणाल्या, "आधी तुम्हाला येतं तसं पिळून दाखवा." सगळ्यांनी फडक्याचा गोळा करून दोन्ही हातांनी दाबला.

"अरे, ओनिगिरीसाठी भाताचे गोळे वळताय का?" आजी म्हणाल्या. "आत लोणच्याची प्लम घालायची राहिली की!"

वर्ग खिदळला. आजींनी आपलं फडकं तलवारीसारखं उभं धरलं. एक मूठ वर, एक खाली, कोपरं अंगाशी. "आता दोन्ही मुठी आत वळवायच्या. अशा."

डावी मूठ वळली. उजवी जागची हलली नाही. पाण्याची धार थेट हामादे बाईंच्या सपातांवर.

"आजी, तुमचं तर माझ्यापेक्षा जास्त गळतंय," सुझुना नावाची दात पडलेली मुलगी म्हणाली.

"सुझुना!" बाई ओरडल्या.

"खरं तेच बोलतेय ती," आजी म्हणाल्या. चेहरा उतरला होता. फडकं बादलीच्या काठावर ठेवायला त्या वाकल्या. मी मनात नामस्मरण सुरू केलं.

सुझुनाने ते मधेच पकडलं. "मला पण एकटीला नाही जमत. तुम्ही ते टोक धरा, मी हे वळवते."

आजींनी उजव्या मुठीत टोक घट्ट धरलं. धरायला काही हरकत नव्हती, फक्त वळवायचं नव्हतं. "कोपर आत. अजून. श्वास सोड आणि वळव!"

सुझुना ओठ चावत वळवत गेली, फडक्याबरोबर स्वतःही गोल फिरली. बादलीत पाणी धो धो पडलं. आजींनी फडकं झटकून गालाला लावून पाहिलं.

"एकोणीस वर्षांत इतकं कोरडं कुणी पिळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. हे काही खरं नव्हे, पण मी मान डोलावली.

मग सगळ्यांनाच आजींबरोबर पिळायचं होतं. रांग लागली. एकेकाचं टोक धरून, "तुझं कोपर पळालं बघ, पकड त्याला," असं म्हणत त्यांनी अकराही जणांकडून फडकं पिळून घेतलं. शेवटी मुलं फडक्यांवर हात टेकून, बुडं वर करून व्हरांड्यातून सुसाट धावली. रेंता नावाचा मुलगा भिंतीवर आदळला आणि हसतच उठला.

निघताना हामादे बाई म्हणाल्या, "आजी, पुढच्या एप्रिललाही मंगळवारच ठेवू या?"

"ठेवा. पण सपाता जुन्या घाला."

बुधवारी सकाळी मंदिरात मी नेहमीसारखी कोरडं फडकं घेऊन मागे उभी राहिले. आजींनी बादलीतून आपलं फडकं काढलं आणि त्याचं एक टोक माझ्यापुढे धरलं.

"बघतेस काय? वळव. आणि कोपर आत ठेव, तुझंही पळतं."