विझलेली मेणबत्ती

लाईट गेली, मेणबत्ती लावली आणि मेणाच्या वासासरशी लहानपणीची ती संध्याकाळ आठवली. धाकटा भाऊ बारामतीच्या दवाखान्यात तापानं फणफणला होता. तिथल्या ख्रिस्ती नर्सबाईंबरोबर आई मला घेऊन मरियममातेच्या यात्रेला गेली. मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत वारा सुटला आणि आईची ज्योत विझली. नवरात्रात अखंड दिवा जपणारी आई जागीच थिजली.

"विझली की ओ बाई! माझ्या पोराचं आता कसं व्हायचं?"

"आक्का, हितं समद्यांच्याच विझत्यात. शेजारणीच्या ज्योतीवर लावायची अन् चालायचं."

आईनं लावली, पण मेण हातावर ओघळलं तरी ज्योतीला धरलेला हाताचा आडोसा काढला नाही.

भाऊ वाचला. आज त्याच्याच तपासणीच्या रिपोर्टची वाट बघतेय. घरात वारा नाही, तरी माझा हात ज्योतीपुढून हलत नाही.